झाकणाचं भोक

ड्रोन पडला नाही, बसला. भोगावतीच्या काठाला आमचं दोन एकर रान आहे. त्याच्या मधोमध, डोक्याच्या वर तीन-चार फूट गेलेल्या उसात, सहाही पंखे फिरत असताना तो सावकाश खाली गेला आणि पाल्याआड दिसेनासा झाला. मग आवाजही गेला. तांबेऱ्यासाठी फवारणी चालली होती. बचत गटातली जी मुलगी ड्रोन उडवत होती, तिनं हातातल्या रिमोटकडं बघितलं आणि म्हणाली, "बॅटरी उतरली, काकी. त्यानं आपलं आपणच लँडिंग घेतलं."

बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत माझा मामा बसला होता. वय ७९. गुडघे दुखतात म्हणून हल्ली रानात येत नाही, पण उडणारं काही येणार म्हटल्यावर आला होता. तो खुर्चीतून एकदम उठला आणि त्यानं विचारलं,

"खाली कोण हुतं काय?"

कुणी नव्हतं. सगळे बांधावरच होतो.

"नक्की न्हवतं न्हवं? भांगलायला कोण बाया?"

नव्हत्या. तरीही त्यानं आम्हाला एकेकाला मोजून घेतलं.

अर्ध्या तासानं ड्रोन सापडला. उसात शिरणं सोपं नसतं. पातीची धार हाताला लागत राहते आणि चार सऱ्या ओलांडल्या की दिशा कळेनाशी होते. ड्रोन दोन सऱ्यांमध्ये तिरका होऊन बसला होता, एक हात उसाच्या कांड्यांत अडकलेला. पंख्याचं एक पातं मोडलं होतं, बाकी काही नाही. घरी येताना गाडीत मामा बराच वेळ गप्प होता. रंकाळ्याजवळ आल्यावर म्हणाला, "आमच्या कॅप्टननं पण पयला ह्योच प्रश्न इचारला हुता."

कॅप्टनची गोष्ट मला लहानपणापासून तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. त्या रात्री मामानं ती पहिल्यांदा सलग सांगितली.

आमचं घर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या जुन्या उद्योजकांची नावं आमच्याकडं देवाच्या नावांसारखी घेतली जात. माझ्या वडिलांची, आबांची, छोटी शेड होती. नदीकाठी पाणी उपसायला लावलेली ऑइल इंजिनं दुरुस्तीला यायची. हेड उतरवायचं, व्हॉल्व्ह घासायचे, रिंगा बदलायच्या, इंजिन पुन्हा बांधायचं. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ दहावीनंतर आबांच्या हाताखाली शिकला. कान तयार झाला. गल्लीच्या तोंडाला इंजिन चालू झालं की कुठला बुश गेलाय ते तो आतून सांगायचा. पुढं त्याला विमानाचं वेड लागलं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, उजळाईवाडीला विमानतळ सुरू झाला. तिथल्या कुंपणाला नाक लावून तो तासन्‌तास उभा राहायचा. शेवटी हवाई फवारणी करणाऱ्या एका कंपनीत, परवाना असलेल्या इंजिनिअरच्या हाताखाली, मेकॅनिक म्हणून लागला. गुंटूरकडच्या कापसाच्या पट्ट्यात.

तो काळ भारतात शेती-विमानांचा होता. हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं खास शेतीसाठी 'बसंत' नावाचं विमान बनवलं, ४०० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन बसवलेलं. १९८० पर्यंत त्याचं उत्पादन चाललं, तरी संख्या चाळिशीच्या आतच राहिली. मामाच्या कंपनीचं विमान दुसरं होतं, पण रचना तीच: एकच सीट, खाली पंख, पुढं इंजिन, इंजिनामागं औषधाची मोठी टाकी आणि तिच्यामागं, उंचावर, वैमानिक.

वैमानिक टाकीच्या मागं का बसतो, हे मामानं मला लहानपणी काड्यापेटीवर काड्यापेटी ठेवून दाखवलं होतं. टाकी मागं असेल तर आदळल्यावर ते सगळं वजन पाठीवर येतं. पुढं असेल तर आधी इंजिन चेपतं, मग टाकी, आणि माणसापर्यंत पोचेस्तोवर धक्क्याचा जोर कमी झालेला असतो. हा विचार करणारा माणूस फ्रेड वाइक. त्यानं टेक्सासमध्ये १९५० साली एजी-१ हे विमान केलं, केवळ शेतीच्या कामासाठी आखलेलं. त्याच्यामागं ह्यू डी हेवनचं काम होतं. हा १९१७ साली वैमानिकीचं शिक्षण घेत असताना हवेतल्या टकरीत सापडला आणि वाचला. पट्ट्याच्या बकलानंच आपल्या पोटाला इजा केली हे लक्षात आल्यावर त्यानं पुढं आयुष्यभर एकच प्रश्न धरून ठेवला: अपघात झालाच, तर आतल्या माणसाचं काय करायचं? मला या दोघांविषयी फार आदर वाटतो. इंजिन बंद पडणारच नाही असं म्हणत बसण्यापेक्षा, बंद पडेल तेव्हाचं त्यांनी बघितलं.

फवारणीच्या विमानात हे बघणं भागच असतं, कारण ते पिकाच्या वर आठ-दहा फुटांवरून जातं. ताशी १७०-१८० किलोमीटरनं. मोठं विमान तीस हजार फुटांवर असताना इंजिन बंद पडलं तर वैमानिकाजवळ वीसेक मिनिटं असतात. इथं तो तारांच्याही खाली असतो. त्याच्याजवळ उंची नसते, फक्त वेग असतो, आणि तो वेग मोडून उंची घ्यावी लागते. दांडी मागं ओढायची, शे-दीडशे फूट वर जायचं, आणि लगेच नाक खाली करायचं, नाहीतर पंखांवरची हवा सुटते आणि विमान दगडासारखं येतं. एवढ्या उंचीतून जमिनीला टेकायला आठ-दहा सेकंद. त्यातच औषध सोडून द्यायचं. त्यासाठी टाकीला खाली मोठं दार असतं आणि वैमानिकाच्या हाताशी त्याचा दांडा. अमेरिकेत दाट वस्तीवरून फवारणी करायची तर निम्मं वजन ४५ सेकंदांत टाकता आलं पाहिजे असा नियमच आहे. इंजिन बंद पडलेल्या माणसाला मात्र ४५ सेकंद कोण देणार? तो दांडा एका हिसक्यात ओढतो.

आणि वळायचं नाही. मामा हे सांगताना अजूनही बोट उगारतो. मागं धावपट्टी दिसत असते, ओळखीची, सपाट. मन तिकडं ओढतं. वळताना पंख कलतो, वेग आणखी लागतो, आणि तो तर नसतो. शेताच्या टोकाला नेहमीचं वळण घेताना इंजिन गेलं तर ते सगळ्यात वाईट. जे समोर असेल ते आपलं रान, असं धरून चालायचं.

समोर काय असतं हा प्रश्न आला की मला आपला मुलूख दिसतो. एक एकर म्हणजे साधारण ६४ मीटर लांब, ६४ मीटर रुंद. ताशी ११० किलोमीटरनं टेकणारं विमान ते दोन सेकंदांत पार करतं, आणि मग बांध. आमच्याकडं एकराचेही तुकडे. भावाभावांत वाटून वीस गुंठे, दहा गुंठे. प्रत्येक बांधाला झाड नाहीतर महावितरणचा खांब. तारा वरून दिसत नाहीत. म्हणून वैमानिक तारा शोधत नाही, खांब शोधतो आणि दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असं धरतो. विमानाच्या काचेपुढं आणि चाकांच्या पायांवर तार कापायच्या धारदार पट्ट्या असतात, आणि केबिनच्या डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक दोर ताणलेला असतो, तार आलीच तर वरून सरकून जावी म्हणून.

उभ्या उसात उतरायची वेळ आली तर उसाचा शेंडा म्हणजेच जमीन असं समजायचं. जमिनीवर टेकल्यासारखं शेंड्यावर टेकायचं, शक्य तितक्या कमी वेगानं, सरीच्या दिशेनं, वाऱ्याला तोंड देऊन. चाकं पिकात आधी शिरली तर पाय धरल्यासारखं होतं आणि विमान तोंडावर पालथं पडतं. टेकण्याआधी पेट्रोल बंद, इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटो बंद, बॅटरी बंद. दार उघडून ठेवायचं, फ्रेम वाकली तर नंतर ते उघडत नाही. ताशी १०० किलोमीटरचा वेग दहा मीटरमध्ये सारखा-सारखा संपला तर माणसावर त्याच्या वजनाच्या चौपट जोर येतो. खांद्याचे पट्टे घट्ट असतील तर एवढं शरीर सोसतं. एक मीटरमध्ये संपला तर चाळीसपट. ऊस मोडत-मोडत जातो, तेवढाच तो आपला ब्रेक. हे कळल्यापासून मी उभ्या पिकाकडं थोडं वेगळं बघते. २०२२ च्या जुलैत इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला एक शिकाऊ विमान शेतात येऊन पडलं. उडवणारी तरुणी एकटीच होती, किरकोळ दुखापतीवर निभावलं. मामानं ते पेपरमधलं कात्रण अजून ठेवलंय.

तर १९७४. पहाटेचं काम, कारण वारा पडलेला असतो आणि औषध पिकावरच बसतं. चार दिवस पाऊस आणि वाऱ्यामुळं विमान माळावर नुसतं उभं होतं, पाचव्या दिवशी उघडलं. मामानं नेहमीप्रमाणं टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत पेट्रोल काढलं. पाणी जड, ते खाली बसतं; रात्री थंडाव्यानं टाकीत दव धरतं आणि तेच थेंब हवेत इंजिनाचा घोट अडवतात. बरणी निव्वळ हिरवी, त्या पेट्रोलचाच तो रंग, पाण्याचा टिपूस नाही. दोन्ही मॅग्नेटो पाहिले, एक बंद करून, मग दुसरा. प्लग ठीक, तेलाचा दाब ठीक. इंजिनिअरनं सही केली. पहिल्या दोन खेपा व्यवस्थित झाल्या. दोन्ही वेळा औषधाबरोबर थोडं पेट्रोलही भरलं. तिसऱ्या खेपेला टाकी बऱ्यापैकी भरलेली होती, कॅप्टन म्हणाले राहू दे, आणि गेले.

मामा धावपट्टीवर होता, विमान किलोमीटरभर लांब. शेताच्या दोन टोकांना झेंडे घेतलेली पोरं उभी असायची, पुढची पट्टी कुठून घ्यायची ते दाखवायला. विसाव्या मिनिटाच्या सुमाराला आवाज बदलला.

"बंद पडला न्हाई," मामा म्हणाला. "बारीक झाला. तहानलेल्या माणसाचा घसा वाळत जातो, तसा. परत एकदा उचलला. मग गेला. आनि मग पंख्याची नुसती फडफड ऐकू आली."

विमान वर उठलं. पोटाखालून पांढरा पडदा सुटला, एकदम, सगळी टाकी. मग ते झाडांच्या मागं गेलं. मामा धावत सुटला. कॅप्टननं समोरच्या कापसातच, ओळींच्या दिशेनं उतरवलं होतं. कमरेइतक्या कापसात चाकं रुतली, शेपूट वर गेली, आता पालथं होणार असं वाटेपर्यंत गेली आणि परत खाली आली. कॅप्टन बाहेर येऊन उभे होते. उजवं मनगट मोडलेलं, ते डाव्या हातात धरलेलं. मामा पोचल्यावर त्यांनी विचारलं, जे औषध मी सोडलं त्याच्याखाली कुणी होतं का.

होतं कुणी नाही. झेंडेवाला पोरगा शंभर-एक पावलांवर होता. पण एवढी टाकी एकाच ठिकाणी पडली तो तुकडा जळाल्यासारखा झाला आणि त्या शेतकऱ्याला कंपनीनं भरपाई दिली ती फार भांडणानंतर. मामाला त्या शेतकऱ्याचा चेहरा कॅप्टनच्या चेहऱ्याइतकाच आठवतो. मलाही ही बाजू सोडून पुढं जाता येत नाही. वरून पडणारं औषध वैमानिकाला हलकं करतं तेव्हा खाली कुणाला तरी जड करतं. आणि संकटातच कशाला, रोजच्या कामातही तेच. केरळात कासारगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं जायचं, २००० सालापर्यंत. तिथल्या गावांनी काय भोगलं ते सगळ्या देशानं नंतर पाहिलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते औषधच बंद केलं. आमच्याकडं २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला तेव्हा पानं पांढरी झालेली मी पाहिली आहेत. लोक रडकुंडीला आले होते, काहीही फवारायला तयार होते. पुढं कोनोबाथ्राच्या अळीनं आणि मायक्रोमसनं, या मित्रकिडींनीच, त्या माव्याला खाऊन आटोक्यात आणलं.

त्या संध्याकाळी पेट्रोल उपसून ठेवायला म्हणून मामानं टाकीचं झाकण फिरवलं, तेव्हा आवाज झाला. सुस्कारा. बाहेर येणारा नव्हे, आत जाणारा. टाकीनं श्वास घेतला. भोवती गर्दी, ओरडाआरडा, त्यात ते त्याच्या कानावर पडलं आणि डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं इंजिन लावून पाहिलं. पहिल्याच फटक्यात चालू, गोड आवाज. आता काय म्हणायचं? पेट्रोलमध्ये पाणी असणार, असं सगळे बोलू लागले. म्हणजे मामा. बरणी नीट पाहिली नसेल.

रात्री त्याला झोप आली नाही, आणि तिसऱ्या प्रहरी तो सुस्कारा आठवला. उजाडायच्या आत तो कंदील घेऊन कापसात गेला. त्या विमानाचं झाकण घट्ट बसणारं. टाकीला हवा मिळायची ती पंखाखालच्या एका बारीक नळीतून. त्यानं तिच्यात तार घातली. वाळलेली माती पडली. मातीबरोबर कोळी पडले, सहा-सात, मेलेले नाहीत, नुसते बधिर, पाय दुमडलेले.

कुंभारीण, मातीचं घर बांधणारी माशी. चार दिवस उभ्या विमानाच्या नळीत तिनं घर केलं होतं. ती कोळ्यांना डंख मारून लुळं करते, मातीच्या खोलीत भरते, त्यांतल्या एकावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत हवा यायला हवी. ती आली नाही, टाकीत पोकळी वाढत गेली आणि इंजिनाची धार तुटली. पहिल्या दोन खेपांना पेट्रोल भरताना झाकण उघडलं गेलं, हवा शिरली, म्हणून ती निभावली. तिसऱ्या वेळेला कुणी झाकण उघडलं नाही.

"ह्ये मला ठावं हुतं," मामा म्हणाला. "आबांच्या शेडमधी पयल्या आठवड्यात शिकलेलं."

ते मलाही माहीत आहे. उद्यमनगरातल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. नदीकाठचं इंजिन चालता-चालता बंद पडलं, थोड्या वेळानं चालू झालं, पुन्हा पडलं, की पाना नंतर घ्यायचा. आधी डिझेलच्या टाकीचं झाकण उघडायचं. झाकणाला बारीक भोक असतं. ते चिखलानं, ग्रीसनं बुजलेलं असतं. आबा ते दाभणानं मोकळं करायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

मामानं सकाळी इंजिनिअरला स्वतः जाऊन सांगितलं. माती आणि कोळी कागदात बांधून नेले. तपासणीच्या यादीत त्या नळीचं नावच नव्हतं, पण त्यानं स्वतःला त्या आडोशाला उभं केलं नाही. नोकरी राहिली. त्या दिवसापासून विमान उभं राहिलं की तो प्रत्येक नळीत लाल कापडाची बोळी घालायचा, हातभर शेपूट सोडून, काढायची राहिली तर दिसावी म्हणून. कापड आमच्या आईच्या जुन्या लुगड्याचं होतं, हे मला त्या रात्री कळलं.

जबरीच्या उतरणीच्या गोष्टी वैमानिकाच्या होतात, आणि व्हाव्यात. आठ सेकंदांत दांडा, नाक, दिशा, स्विच हे सगळं जमवणारा माणूस मोठाच. पण त्या आठ सेकंदांच्या आधी माळावर कुणीतरी चार दिवस नळी न बघता चालत गेलेलं असतं, आणि त्या माणसाची गोष्ट कुणी विचारत नाही. मामाला पन्नास वर्षांत कुणी विचारली नव्हती. मीही नाही. मी त्याच्याकडं कॅप्टनचीच गोष्ट मागायची.

एक मात्र आठवतं. आमच्या शेडच्या खिडकीच्या चौकटीत दर उन्हाळ्यात कुंभारीण घर करायची. आजी ते फोडू द्यायची नाही, लेकुरवाळीचं घर आहे म्हणायची. मामा सुट्टीवर आला की त्या खिडकीपाशी बराच वेळ उभा असायचा. त्यानंही ते कधी फोडलं नाही.

आठवड्यानं ती ड्रोनवाली मुलगी राहिलेला एकर करायला आली. नवं पातं बसवलं होतं, चार बॅटऱ्या भरून आणल्या होत्या. मामा पुन्हा खुर्ची घेऊन बांधावर. तिनं औषध कालवलं, गाळून टाकीत ओतलं, झाकण लावलं. मामा उठून तिच्याजवळ गेला.

"बाय, ह्याला हवा कुठनं जाती?"

तिला आधी कळलं नाही. मग तिनं झाकण काढून उलटं केलं आणि मधलं बारीक छिद्र दाखवलं. मामानं चष्मा कपाळावर सरकवला, झाकण उजेडाकडं धरलं, एक डोळा मिटून त्यातून बघितलं. मग दोनदा फुंकर मारली, पुन्हा बघितलं आणि तिच्या हातात दिलं.

"लाव," म्हणाला.